गुलाबाची छाटणी : केव्हा, कोठे आणि कशी?

वाचकहो, आपल्या अंगणात, गच्चीवर किंवा सज्जातील कुंडीत गुलाबाचे एक तरी झाड असेल, तर वर्षातून एकदा आपण मोठ्या संकोचात पडत असाल. पावसाळ्याने झाड हिरवेगार झालेले असते, फांद्या छातीपर्यंत वाढलेल्या असतात, शेंड्यावर एखाददुसरे फूलही डोलत असते, आणि नेमका त्याच वेळी कोणी जाणकार शेजारी येऊन सांगतो, "आता हे निम्मे छाटून टाका!" हातातील कात्री तेथेच थबकते. ज्या झाडाला वर्षभर पाणी घातले, ज्याची कीड बोटांनी वेचली, त्याच्यावर शस्त्र चालवावे कसे? मग 'पुढच्या रविवारी पाहू' असे आपण म्हणतो. तो रविवार काही येत नाही. हिवाळा मात्र येतो, आणि लांबलचक, काटकुळ्या फांद्यांच्या टोकांना लागलेली लहानशी, निस्तेज फुले पाहून आपण दोष देतो तो रोपवाटिकेला.

याच्या उलट स्वभावाचे लोकही असतात. त्यांना कापण्याची भीती मुळीच वाटत नाही. परंतु सवड मिळेल तोच त्यांचा मुहूर्त. मग ती सवड ऐन जुलैच्या झडीत मिळो, अथवा मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी. अशा वेळी छाटलेले झाड कित्येकदा पुन्हा सावरत नाही.

तेव्हा छाटणी करावी की नाही, हा वास्तविक प्रश्नच नव्हे. ती केव्हा करावी, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपण कोठे राहता यावर अवलंबून आहे.

एका चुकीची गोष्ट

या विषयावर चार शब्द सांगण्याचे धाडस मी करतो ते एका चुकीच्या बळावर. ती आधी सांगून टाकतो.

साताऱ्यास आमच्या जुन्या घराच्या अंगणात, विहिरीलगत, एक गावठी गुलाब होता. फूल गुलाबी, फारसे मोठे नाही, पण वास असा की दारातून आत येणाऱ्याला न सांगता कळावे. दसरा झाला की आई दरवर्षी त्याची छाटणी करी. खंडेनवमीला विळी, कोयता आणि अडकित्ता यांच्याबरोबर तिची कात्रीही पूजेत मांडलेली असे. सीमोल्लंघन झाल्यावर दोनचार दिवसांत ती बाहेर निघे. पुढे मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेला त्या झाडाची फुले हमखास मिळत.

१९९४ साली माझी बदली शिमल्यास झाली. निघताना आईने त्या गुलाबाची मुळे फुटलेली एक काडी कुंडीत लावून आमच्याबरोबर दिली. दुसऱ्या वर्षापर्यंत रोप चांगले कंबरेइतके झाले. दसरा आला. साताऱ्याच्या रिवाजाप्रमाणे मी कात्री घेतली आणि झाड निम्मे उतरवले. ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात त्याला तांबूस, लुसलुशीत कोंब फुटले. ते पाहून मला केवढा आनंद झाला! पुढे थंडी कडक होत गेली, रात्री दव गोठू लागले, आणि एका सकाळी ते सारे कोंब काळे पडलेले दिसले. तो काळेपणा वरून खाली उतरत गेला. बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये फांदी मोडून पाहिली, तर ती आतून तपकिरी आणि कोरडी निघाली. झाड गेले होते.

दोष झाडाचा नव्हता, शिमल्याच्या थंडीचाही नव्हता. छाटणी रीतसर केली होती. महिना मात्र दुसऱ्या गावचा होता. आपल्यापैकी अनेकजण नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर, दूरदूरच्या प्रांतांत संसार मांडून राहिले आहेत. माहेरच्या सवयी आपण बरोबर नेतो आणि ते योग्यच आहे. परंतु छाटणीची तिथी बरोबर नेता येत नाही. ती त्या त्या ठिकाणच्या हवामानाकडूनच घ्यावी लागते.

छाटणी कशासाठी?

आपण कुंड्यांतून व वाफ्यांतून लावतो ते बहुतेक आधुनिक गुलाब, म्हणजे एकेका दांड्यावर मोठे फूल देणारे हायब्रिड टी आणि झुबक्यांनी फुलणारे फ्लोरिबंडा, नव्या फुटीवर फुलतात. जोमदार नवी फूट म्हणजे जोमदार फूल, असा साधा हिशेब आहे. फांदी जुनी होऊन कठीण झाली, वर वर वाढत गेली, की तिच्या टोकाला फुटणारे फुटवे उत्तरोत्तर बारीक होतात व त्यांवरील फुलेही लहान येतात.

मग झाड आपण होऊन खालून नवे जोमदार फुटवे का देत नाही? यामागे निसर्गाची एक व्यवस्था आहे. फांदीच्या शेंड्याकडील कोंबात ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार होते. ते फांदीतून खाली उतरत राहते, आणि त्याच्या प्रभावामुळे खालच्या पानांच्या बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. शेंडा छाटला की हा दाब उठतो, आणि कापलेल्या जागेखालचे दोनतीन डोळे जागे होतात. मुळांत व खोडात साठलेले सारे अन्न आता थोड्याच डोळ्यांच्या वाट्याला येते; म्हणून त्यांतून निघणारी फूट जाड, लांब आणि सशक्त असते.

छाटणीचे आणखी दोन लाभ आहेत. झाडाचा मध्यभाग मोकळा झाल्याने ऊन व वारा आत पोहोचतो, त्यामुळे भुरी आणि काळे ठिपके यांसारखे रोग कमी होतात. शिवाय पावसाळ्यात फांद्यांवर बसलेली खवले कीड, वाळलेल्या काड्या, रोगट भाग, हे सारे एकदाच बाहेर निघते. घराची दिवाळीपूर्वी झाडलोट करतो, तशीच ही झाडाची झाडलोट समजावी.

वेळ ठरविण्याच्या दोन कसोट्या

कोणत्याही गावी छाटणीची वेळ ठरविताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाऊस संपला आहे काय? कापलेली जागा ही झाडाची उघडी जखम असते. हवा ओली असेल तर तीतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून खाली काळी पडत जाते. बागाईतदार याला शेंडेमर म्हणतात. दुसरी, पुढील दोन महिने कोवळ्या फुटीला मानवतील काय? पानांचा हिरवा मांडव उतरलेल्या झाडाला मे महिन्याचे ऊन भाजून काढते, आणि गोठविणारी थंडी कोवळे कोंब मारून टाकते.

या दोन कसोट्या ध्यानात घेतल्या म्हणजे इंग्रजी पुस्तकांतील सल्ला आपल्याकडे का चालत नाही, हे सहज उमजते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात गुलाब झोपी जातो; म्हणून तेथे थंडी सरता सरता छाटणी करतात, आणि उन्हाळ्यात फुले येतात. आपल्या मैदानी प्रदेशात कडक उन्हाळ्यात गुलाब जेमतेम तग धरून राहतो, पावसाळ्यात नुसता पानांनी माजतो, आणि खरा फुलतो तो हिवाळ्यात. त्यांचा कठीण काळ तो आपला बहराचा काळ होय. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करण्याचा तेथील नियम नागपुरास पाळला, तर नवी फूट थेट उन्हाळ्याच्या तोंडी जाईल.

आपल्या हवामानाला अनुसरून गुलाबाचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव अग्रभागी आहे. गव्हाच्या नव्या वाणांसाठी ख्यातनाम असलेले हे शास्त्रज्ञ १९६५ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि १९६६ साली त्यांचा 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ परिषदेने प्रसिद्ध केला. गहू हे त्यांचे कार्य आणि गुलाब हा त्यांचा छंद होता. त्या छंदातूनच 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' अशा जाती निपजल्या.

प्रांतोप्रांतीची वेळ

आता आपण राहता त्या प्रदेशाकडे वळू.

दिल्ली, आग्रा, लखनौ, जयपूर, ग्वाल्हेर, चंदीगड या उत्तरेकडील मैदानांत ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपल्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत छाटणी करावी. दिल्लीतून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे २५ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतर हवा कोरडी व्हायला पंधरा दिवस द्यावेत. डिसेंबरच्या आरंभी पहिली फुले येतात, कडाक्याच्या थंडीत वेग मंदावतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड पुन्हा बहरते. राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान लोकांसाठी खुले होते तेव्हाचे गुलाब, किंवा चंदीगडच्या झाकीर हुसेन गुलाब उद्यानात फेब्रुवारीत भरणारा गुलाबांचा उत्सव आपण पाहिला असेल. तो थाट एका रात्रीत उभा राहत नाही. त्याची पूर्वतयारी ऑक्टोबरातच झालेली असते.

इंदूर, भोपाळ, बडोदे, नागपूर आणि मराठवाडा येथे ऑक्टोबरचा दुसरा व तिसरा आठवडा उत्तम. या भागांत उन्हाळा अतिशय तीव्र असल्याने मार्चनंतर कात्री बाजूलाच ठेवावी. केवळ सुकलेली फुले खुडावीत.

मुंबई, कोकण आणि गोवे येथे थोडी घाई आवरावी लागते. मुंबईतून पाऊस सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, पण हवेतील दमटपणा आणि ऑक्टोबरचा उकाडा त्यानंतरही रेंगाळतो. म्हणून महिन्याचा उत्तरार्ध धरावा.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पठारी भागात 'दसरा ते दिवाळी' हा सोपा नियम पुरेसा आहे. नाशिकचे द्राक्षबागाईतदारही वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी गोडी बहाराची छाटणी, हे आपल्याला ठाऊक असेलच. गुलाबाची मुख्य छाटणीही त्या दुसऱ्या छाटणीच्या सुमारासच येते. या भागात उन्हाळा त्यामानाने सौम्य असल्याने मेच्या अखेरीस, पावसापूर्वी, आणखी एक हलकी छाटणी करता येते. मात्र ती केवळ शेंडे उतरविण्यापुरती असावी. एक सावधगिरी : दसरा तिथीने येतो. तो कधी सप्टेंबरच्या अखेरीस पडतो, तर कधी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात. लवकर आला तर पंचांगाबरोबर आभाळाकडेही पाहावे.

बंगळूर आणि म्हैसूर येथील हवा गुलाबाला इतकी मानवते की झाड जवळजवळ वर्षभर फुलत राहते. तेथेही मुख्य छाटणी पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात. उन्हाळा सरताना दुसरी हलकी छाटणी चालते. चेन्नई व तंजावर या बाजूला मात्र पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथे दसऱ्याला छाटणी करणे म्हणजे उघडी जखम पावसात धरणे होय. पावसाचा जोर ओसरून आकाश स्वच्छ झाल्यावरच कात्री उचलावी. कोलकात्यास ऑक्टोबरची अखेर योग्य ठरते.

शिमला, श्रीनगर, दार्जिलिंग यांसारख्या थंड पहाडी ठिकाणी मात्र हे सारे उलट होते. तेथे हिवाळाभर झाडाला हात लावू नये. थंडीचा कडाका सरून डोळे फुगू लागले की फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत छाटणी करावी. उन्हाळ्याच्या आरंभी झाड फुलांनी भरून जाते. हे मला कोणी वेळीच सांगितले असते, तर वर सांगितलेली गोष्ट लिहावी लागली नसती.

जातीजातींचे वेगळेपण

वेळ जशी गावाप्रमाणे बदलते, तशी ती जातीप्रमाणेही बदलते. अत्तर, गुलाबजल व गुलकंदासाठी कनौज, अलीगड, हाथरस या भागात ज्याची शेती होते, तो दमास्क गुलाब वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. म्हणून त्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करतात. चैत्राच्या सुमारास फुलणाऱ्या या गुलाबाला तिकडे चैती गुलाब म्हणतात.

मांडवावर चढविलेल्या वेलीसारख्या गुलाबाचे मुख्य हात कधीही निम्मे कापू नयेत. ते आडवे बांधून घ्यावेत आणि त्यांवरील बाजूच्या फांद्या तेवढ्या दोनतीन डोळे राखून छाटाव्यात. बँक्सिया गुलाबासारखे वेल वसंतात एकदाच, आणि तेही जुन्या फांद्यांवर फुलतात. त्यांना ऑक्टोबरात छाटले तर त्या वर्षीची फुलेच गमवावी लागतात. त्यांची छाटणी बहर संपल्यावर करावी.

फ्लोरिबंडाचा वरचा तिसरा हिस्सा काढला तरी पुरे. लहान कुंडीतील बटण गुलाबाला नुसता आकार द्यावा. नुकत्याच लावलेल्या, वर्ष न झालेल्या रोपावर तर फार दया करावी. वाळलेले व मोडलेले तेवढेच काढावे.

फुलांचा दिवस ठरवा आणि मागे मोजा

मैदानी व पठारी भागात छाटणीपासून फुलांपर्यंत साधारणपणे ४५ ते ६० दिवस लागतात. हवा उबदार असेल तर कमी, थंडी असेल तर अधिक. थोड्या पाकळ्यांच्या जाती लवकर फुलतात, भरगच्च पाकळ्यांच्या उशिरा.

हा हिशेब घरच्या कार्याला फार उपयोगी पडतो. समजा, पुण्यात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या घरी मंगलकार्य आहे आणि देवघरातील फुले घरचीच असावीत अशी आपली इच्छा आहे. तर त्याआधी सुमारे ५० दिवस, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाटणी करावी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासाठी तयारी करणाऱ्यांनाही असेच मागे मोजावे लागते.

आपल्याकडे सहाआठ कुंड्या असतील तर सर्व एकाच दिवशी छाटू नयेत. दर आठदहा दिवसांनी दोन कुंड्या घ्याव्यात. म्हणजे फुलेही एकदम येऊन एकदम संपणार नाहीत. घरातील मुलांना हे काम जरूर सांगावे. कुंडीवर तारीख लिहावी आणि पहिले फूल कोणत्या दिवशी उमलले तेही शेजारी लिहावे. दोन वर्षांत आपल्या घरच्या हवामानाचे एक लहानसे पंचांगच तयार होईल, आणि मग माझ्यासारख्याचा लेख वाचण्याची गरज उरणार नाही.

छाटणीची रीत

छाटणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करावे. बागाईतदार याला ताण देणे म्हणतात. जमिनीतील झाडांची मुळे काही दिवस उघडी टाकण्याची जुनी रीत काही ठिकाणी आहे. परंतु हलक्या जमिनीत व कुंडीत ती मुळीच करू नये, झाड तहानेने मरते.

सिकेटर धारदार असावे. बोथट पाते फांदी कापत नाही, चेचते, आणि चेचलेल्या जागी रोग प्रथम शिरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावे. हातात जाड मोजे घालावेत.

प्रथम काढावे ते वाळलेले, काळे पडलेले व रोगट. मग एकमेकींना घासणाऱ्या आणि मध्यभागी शिरणाऱ्या फांद्या. त्यानंतर खोडाच्या तळाशी पाहावे. विकत आणलेला गुलाब बहुधा रानटी खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. त्या सांध्याच्या खालून निघालेली फूट ही खुंटाची. ती ठेवली तर काही वर्षांत आपला गुलाब संपून नुसता खुंट उरतो. ती फूट वरवर न कापता, जेथून निघाली तेथपर्यंत माती उकरून मुळापासून ओढून काढावी.

आता उरलेल्या फांद्यांतून चार ते सहा जोमदार, चोहो बाजूंना पसरलेल्या फांद्या निवडाव्यात आणि त्या साधारण निम्म्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटाव्यात. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधावा. त्याच्या वर पाव इंच जागा सोडून तिरका काप घ्यावा. उतार डोळ्याच्या उलट बाजूस असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. काप फार वर घेतला तर वरचे खोड वाळून खाली मर उतरते, फार जवळ घेतला तर डोळाच दुखावतो. कापलेला भाग आतून पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली, निरोगी भागापर्यंत यावे.

कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे. ते घरीही करता येते. १० ग्रॅम मोरचूद निम्म्या पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या निम्म्या पाण्यात वेगवेगळा कालवावा. एकूण पाणी १०० मिलिलिटर असावे. चुना निवल्यावर दोन्ही एकत्र करून ढवळावे. भांडे मातीचे, काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. मलम तयार केल्या दिवशीच वापरून टाकावे आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. पूर्वी अशा मलमात शेंदूर घालण्याची पद्धत होती. परंतु शेंदूर म्हणजे शिशाचे विषारी संयुग. घरात लहान मुले असताना तो न वापरणेच शहाणपणाचे.

छाटणीनंतर

छाटलेल्या झाडाकडे पाहून पहिल्या दिवशी घरातील मंडळी हळहळतील. त्यांना पंधरा दिवस थांबण्यास सांगावे. खाली पडलेली सर्व पाने व रोगट काड्या उचलून नष्ट कराव्यात. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. जमिनीतील झाडाभोवतीची माती हलकेच खुरपून तीत पाटीभर कुजलेले शेणखत, मूठभर कडुनिंबाची पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा मिसळावा. कुंडीतील वरची दोनतीन इंच माती काढून त्या जागी कंपोस्ट घालावे. मग भरपूर पाणी द्यावे. रासायनिक खत मात्र लगेच देऊ नये. कोंब बोटाच्या पेराएवढे झाल्यावर थोडे थोडे द्यावे.

पहिली फुले येऊन गेली की सुकलेले फूल देठाशी न खुडता, खालच्या पहिल्या सशक्त पाच पानांच्या पर्णापर्यंत कापावे. तेथून फुटणारी फांदी पुन्हा साधारण दीड महिन्यात फूल देते. अशा रीतीने एका ऑक्टोबरच्या कष्टावर मैदानी भागात मार्चपर्यंत फुले मिळत राहतात.

छाटलेल्या काड्या

आता एकच गोष्ट सांगावयाची राहिली. छाटलेल्या काड्यांतील निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या टाकून देऊ नका. मोठ्या फुलांच्या आधुनिक जाती काडीपासून सहसा चांगल्या वाढत नाहीत. पण गावठी गुलाब, आणि ज्याच्यावर डोळे भरतात तो एडवर्ड गुलाब, छाट कलमाने सहज लागतात. वीतभर लांबीची काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगत असावा, निम्मी काडी वाळूमिश्रित मातीत खोचून सावलीत ठेवावी व ओल राखावी. काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात.

साताऱ्याचे आमचे घर पुढे विकले गेले. आई त्यापूर्वीच गेली होती. नव्या मालकांनी तेथे इमारत बांधली, विहीर बुजविली, आणि विहिरीलगतचा गुलाबही गेला. शिमल्याचे रोप मी माझ्या हाताने घालविले होते. त्या झाडाचा आता मागमूस उरला नाही, असेच मी धरून चाललो होतो. काही वर्षांनी एका लग्नानिमित्त आळीत जाणे झाले. आमच्या घरापासून चौथ्या घराच्या दारात पाऊल ठेवले, आणि तो वास आला.

आई दरवर्षी छाटणी झाली की काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून परडीत ठेवी, आणि येणाऱ्याजाणाऱ्या ज्या कोणाला हव्या असतील त्यांना देई. त्या घरच्या काकूंनी त्यांतलीच एक लावली होती. "तुझ्या आईचंच झाड आहे हे," असे म्हणून त्यांनी आत जाऊन कात्री आणली. दसरा होऊन आठच दिवस झाले होते.

ती काडी आज पुण्यात आमच्या गच्चीवर आहे. यंदा छाटणी कराल तेव्हा, वाचकहो, प्रथम आपल्या गावचे आभाळ पाहा, मग कात्री उचला. आणि दोन चांगल्या काड्या शेजारच्या घरी अवश्य पोहोचत्या करा.